संघात राहायचं की बाहेर पडायचं? देशाचा निर्णय तोलण्याची पद्धत, पायरीपायरीने

दादरला आमचं अभ्यासवर्तुळ शनिवारी संध्याकाळी भरतं. वादविवाद स्पर्धेची तयारी करणारी कॉलेजची मुलं, एमपीएससीचा अभ्यास करणारे काही जण आणि बँकेतून निवृत्त झालेले दोघे-तिघे अशी मंडळी असतात. ‘अमुक देशाने युरोपीय संघासारख्या एखाद्या संघात राहावं की बाहेर पडावं’ हा विषय दर वर्षी कुठल्या ना कुठल्या रूपात येतोच, आणि दर वर्षी चर्चा त्याच ठिकाणी फसते. पहिल्या पाच मिनिटांत बाजू ठरते आणि उरलेला दीड तास त्या बाजूचे मुद्दे जमवण्यात जातो.

मूळ चूक त्याच्याही आधीची आहे. एका पारड्यात आजचा संघ ठेवला जातो, त्याच्या सगळ्या कटकटींसकट. दुसऱ्या पारड्यात ‘बाहेर’ नावाची रिकामी जागा असते. तिथे नेमकं काय असेल हे कुणी लिहिलेलं नसतं, त्यामुळे बाहेर पडू पाहणाऱ्याला तिथे स्वातंत्र्य दिसतं आणि राहू पाहणाऱ्याला सर्वनाश. दोघेही रिकाम्या पारड्याबद्दल बोलत असतात. म्हणून खालची सगळी पद्धत एकाच गोष्टीभोवती रचली आहे: ‘बाहेर’ला आधी पत्ता द्या, मग तोला. पायऱ्यांचा क्रम बदलू नका. पैशाचा हिशोब सहाव्या पायरीवर का ठेवला आहे, ते तिथे पोहोचल्यावर कळेल.

## तयारी

दोन-दोन तासांच्या चार बैठका धरा. एका बैठकीत हा विषय उरकत नाही आणि उरकला तर तो चुकीचा उरकलेला असतो.

पहिल्या बैठकीला येताना हे कागद हवेत: संघाचा मूळ करार किंवा राज्यघटना, निदान सदस्यत्व संपवण्याबद्दलचं कलम, संघाच्या अर्थसंकल्पात तो देश किती भरतो आणि किती परत घेतो याचे अधिकृत आकडे, आयात-निर्यातीची आकडेवारी, वस्तू आणि सेवा वेगळ्या केलेली, आणि एक मोठा नकाशा. नकाशा सगळे विसरतात. त्यावर सीमा, बंदरं, नद्या, तेलवाहिन्या आणि रेल्वेमार्ग दिसायला हवेत. निम्मे अवघड प्रश्न नकाशाकडे बोट दाखवूनच विचारता येतात.

गटात पाच-सहा जण असतील तर कामं वाटा, पण बाजू वाटू नका. एकाकडे कायदा, एकाकडे व्यापार, एकाकडे चलन आणि कर्ज, एकाकडे सीमा आणि माणसं. ‘तू राहण्याच्या बाजूने, तू निघण्याच्या’ ही वाटणी स्पर्धेच्या आदल्या दिवशी करायची. आधी केली की प्रत्येक जण आपल्या बाजूच्या गैरसोयीचा आकडा खिशात ठेवून बसतो.

तपासा: प्रत्येकाने पहिल्याच बैठकीत एका चिठ्ठीवर आपला आजचा कल आणि त्याचं एक कारण लिहून पाकिटात बंद करावं. हे पाकीट शेवटच्या पायरीवर उघडायचं आहे.

## पायरी १: प्रश्न एका वाक्यात लिहा

वाक्यात चार गोष्टी यायला हव्यात: कोण, कुठल्या संघातून, कुठल्या स्वरूपात आणि कुणाच्या निर्णयाने.

‘संघ’ हा एकच शब्द आपण फार वेगवेगळ्या गोष्टींना वापरतो. युरोपीय संघ हा करारांनी बांधलेल्या सार्वभौम देशांचा संघ आहे. इंग्लंड आणि स्कॉटलंड एकाच राज्यात, एका संसदेखाली आणि एका चलनात आहेत. पश्चिम आफ्रिकेतल्या देशांचा ‘इकोवास’ हा प्रामुख्याने आर्थिक गट. पहिल्यातून बाहेर पडणं म्हणजे करार संपवणं, दुसऱ्यातून बाहेर पडणं म्हणजे नवं राज्य उभं करणं. एकासाठीचे मुद्दे दुसऱ्याला चिकटवले की सगळं भाषण वाया जातं. ‘ब्रिटन बाहेर पडू शकतं तर स्कॉटलंड का नाही’ हे वाक्य टाळ्या मिळवतं, पण त्यातले दोन ‘बाहेर’ एक नाहीत.

शब्दांचं वजनही इथेच पाहा. स्कॉटलंडच्या २०१४ च्या सार्वमतासाठी आधी सुचवलेला प्रश्न ‘तुम्ही सहमत आहात का’ अशा शब्दांनी सुरू होत होता. तो उत्तराला ‘हो’कडे ढकलतो असं निवडणूक आयोगाच्या चाचणीत आढळलं आणि मतपत्रिकेवर सरळ प्रश्न आला: स्कॉटलंड स्वतंत्र देश असावा का? कॅनडाच्या क्यूबेक प्रांतात १९९५ साली मात्र सार्वभौमत्व, कॅनडासमोर ठेवायचा नव्या भागीदारीचा प्रस्ताव, एक विधेयक आणि एक करार हे सगळं एकाच लांबलचक वाक्यात होतं. निकाल ५०.५८ विरुद्ध ४९.४२ टक्के लागला, अवघ्या ५४,२८८ मतांच्या फरकाने क्यूबेक कॅनडात राहिलं. लोकांनी नेमकं कशावर मत दिलं यावर नंतर इतका वाद झाला की कॅनडाच्या संसदेने २००० साली प्रश्नाच्या स्पष्टतेसाठी वेगळा कायदाच केला.

आपल्या जवळचं उदाहरण गोव्याचं. तो देश नव्हता, त्यामुळे तुलना मर्यादित ठेवा. पण १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात मतपत्रिकेवर दोनच चित्रं होती, विलीनीकरणासाठी फूल आणि केंद्रशासित राहण्यासाठी दोन पानं. १,३८,१७० विरुद्ध १,७२,१९१ असा कौल दोन पानांच्या बाजूने लागला. स्वतंत्र राज्याचा पर्याय त्या कागदावर नव्हता, आणि पुढे ३० मे १९८७ ला गोवा नेमकं तेच झालं.

तपासा: तुमच्या प्रश्नात कागदावर न आलेला तिसरा पर्याय कुठला? संघात राहून सवलत, जास्त स्वायत्तता, फक्त काही विषयांतून माघार? तो शेजारी लिहून ठेवा.

## पायरी २: संघाने काय काय सांधलंय, त्याची यादी

कायदा, बाजारपेठ, चलन, माणसांची ये-जा, संरक्षण, पाणी, वीज, मासेमारी, औषधांच्या परवानग्या, विमानसेवा, पदव्यांची मान्यता. प्रत्येकासमोर लिहा: आज निर्णय कोण घेतं, बाहेर पडल्यावर कोण घेईल, आणि ते काम करणारं कार्यालय त्या देशात आज आहे का?

ही पायरी कंटाळवाणी आहे आणि म्हणूनच ती वगळली जाते. तिचा अर्थ कळायला कोकणातला हापूस पुरेसा आहे. फळमाशी आणि किडीच्या कारणावरून युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून भारतीय आंब्यांची आयात थांबवली. कारले, वांगी, पडवळ, अळू यांच्यावरही बंदी आली. ब्रिटनमधली हापूसची मागणी मोठी, तिथले व्यापारी नाराज, खासदारही बोलले, पण तेव्हा संघात असलेल्या ब्रिटनला एकट्याला दार उघडता येईना, कारण हा विषय संघाकडे होता. वाशीच्या बाजारात त्या हंगामात हे सगळ्यांना समजलं. जानेवारी २०१५ मध्ये आंब्यावरची बंदी उठवण्याचा निर्णय झाला, तोही संघानेच घेतला.

या एका प्रसंगात दोन्ही बाजूंचा मुद्दा आहे. आपल्या ताटात काय यावं हे आपल्याला ठरवता येत नाही, ही एक बाजू. सगळ्या संघासाठी एकच तपासणी असल्यामुळे आत आलेली पेटी पुढे कुठल्याही सदस्य देशात पुन्हा न अडता जाते, ही दुसरी. यादीतल्या प्रत्येक ओळीला अशा दोन्ही बाजू लिहायच्या.

सावधान: देश एकापेक्षा जास्त संघांत असू शकतो. माली, बुर्किना फासो आणि नायजर २९ जानेवारी २०२५ ला इकोवासमधून औपचारिकरीत्या बाहेर पडले, पण सीएफए फ्रँक हे सामायिक चलन वापरणाऱ्या देशांच्या चलनसंघात ते राहिले. ‘बाहेर पडले’ म्हणताना कशातून आणि कशातून नाही, दोन्ही सांगा.

## पायरी ३: निघून जाणार कुठे?

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. एक अख्खी बैठक गेली तरी चालेल.

मुंबईत ज्यांनी सोसायटीच्या पुनर्विकासाच्या सभा पाहिल्या आहेत त्यांना हे लगेच समजतं. ‘इमारत जुनी झालीय, पाडायची का?’ यावर हात वर करणं सोपं. पण बिल्डर कोण, नव्या घराचं कार्पेट किती, मधली तीन वर्षं राहायचं कुठे, भाडं कोण भरणार हे करारात येईपर्यंत जाणता सभासद सही करत नाही. इमारत जुनी आहे हे खरं असलं तरी तेवढ्यावर नव्या घराचा नकाशा तयार होत नाही.

युरोपीय संघात राहायचं की नाही यावर २३ जून २०१६ ला ब्रिटनमध्ये झालेल्या सार्वमतात नेमकं हे राहिलं. ५१.९ टक्के लोकांनी बाहेर पडण्याच्या बाजूने मत दिलं, मतदान ७२.२ टक्के झालं, पण बाहेर पडून कुठे जायचं हे मतपत्रिकेवर नव्हतं. बाजूने मत देणाऱ्यांपैकी कुणाच्या डोळ्यासमोर नॉर्वे होता, कुणाच्या स्वित्झर्लंड, कुणाच्या कॅनडासारखा व्यापार करार, तर कुणाला जागतिक व्यापार संघटनेचे नियम पुरेसे वाटत होते. हे चार वेगळे देश होतील इतके वेगळे पर्याय आहेत. २०१९ मध्ये सरकारचा करार संसदेने तीनदा फेटाळला, पहिल्यांदा ४३२ विरुद्ध २०२ असा. फेटाळणाऱ्यांत राहू इच्छिणारे होते तसेच आणखी दूर जाऊ इच्छिणारेही होते.

म्हणून निदान तीन ठिकाणं घ्या आणि प्रत्येकासाठी एक पान लिहा.

*जवळचं ठिकाण.* नॉर्वेने १९७२ आणि १९९४ अशा दोन सार्वमतांत युरोपीय सदस्यत्व नाकारलं, तरी युरोपीय आर्थिक क्षेत्राचा भाग म्हणून तो देश एकत्रित बाजारात आहे. त्यासाठी बाजाराचे नियम पाळावे लागतात, माणसांची मोकळी ये-जा मान्य करावी लागते, पैसेही भरावे लागतात, मात्र नियम ठरताना मत नसतं. शेती आणि मासेमारीचं धोरण त्याचं स्वतःचं आहे. सीमाशुल्क संघात (आतल्या मालाला कस्टम नाही, बाहेरच्याला सगळ्यांची एकच जकात) तो नाही, त्यामुळे स्वीडनच्या सीमेवर स्विनेसुंदला मालाच्या ट्रकना कस्टमची कागदपत्रं दाखवावी लागतात. मुलांना हे ऐकून दर वेळी आश्चर्य वाटतं.

*मधलं ठिकाण.* व्यापार करार. २४ डिसेंबर २०२० ला ब्रिटन आणि युरोपीय संघात जो करार झाला तो या गटातला: मालावर जकात नाही, कोटा नाही, पण उगमाचे दाखले, पशुवैद्यकीय तपासण्या, कस्टमचे अर्ज आले. सेवांना, म्हणजे बँका, वकील, वास्तुविशारद वगैरेंना, त्यात फार थोडं मिळालं.

*लांबचं ठिकाण.* करारच नाही, जगातल्या कुठल्याही देशाला लागू असलेले दर.

आता नकाशा उघडा. आयर्लंडच्या बेटावर ब्रिटनमधलं उत्तर आयर्लंड आणि स्वतंत्र आयर्लंड यांच्यात सुमारे ५०० किलोमीटरची सीमा आहे. १० एप्रिल १९९८ च्या गुड फ्रायडे शांतता करारानंतर तिथली लष्करी ठाणी हळूहळू गेली आणि माणसं रोज सहज ये-जा करू लागली. ब्रिटनला सीमाशुल्क संघाबाहेर जायचं होतं, आयर्लंडमध्ये ठाणी नको होती आणि स्वतःच्या देशात अंतर्गत सीमाही नको होती. तिन्ही एकदम शक्य नव्हतं. शेवटी तपासणी ब्रिटन आणि उत्तर आयर्लंडमधल्या समुद्रावर गेली आणि त्याची दुरुस्ती फेब्रुवारी २०२३ च्या विंडसर आराखड्यापर्यंत चालू राहिली. सार्वमताच्या आधी कुणी तीन इच्छा शेजारीशेजारी लिहून नकाशावर बोट ठेवलं असतं तर ही अडचण तेव्हाच समोर आली असती.

तपासा: प्रत्येक ठिकाणासाठी विचारा, हे एकट्या निघणाऱ्या देशाच्या हातात आहे का? समोरच्याची संमती लागणार असेल तर त्या ओळीवर लाल खूण करा. स्कॉटलंडच्या स्वातंत्र्यवाद्यांनी नोव्हेंबर २०१३ मध्ये साडेसहाशेहून जास्त पानांची सविस्तर श्वेतपत्रिका काढली. हे करणारे फार थोडे असतात, त्यांचं कौतुक वाटतं. पण तिचा पाया पौंडाच्या सामायिक वापरावर होता आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये ब्रिटनच्या अर्थमंत्र्यांनी त्याला नकार दिला. ती लाल खुणेची ओळ होती.

## पायरी ४: दार कुठे आहे आणि घड्याळ कुणाचं?

युरोपीय संघात कलम ५० आहे. नोटीस दिली की दोन वर्षं मोजायला सुरुवात होते आणि मुदत वाढवायला बाकी सगळ्या सदस्यांचं एकमत लागतं. म्हणजे नोटीस दिल्या क्षणापासून घाई निघणाऱ्याला असते. ब्रिटनने २९ मार्च २०१७ ला नोटीस दिली, अंतर्गत तयारी पुरी होण्याआधी. ठरलेली तारीख २९ मार्च २०१९ होती. प्रत्यक्षात बाहेर पडायला ३१ जानेवारी २०२० उजाडला आणि संक्रमणकाळ ३१ डिसेंबर २०२० ला संपला.

इकोवासच्या करारात एक वर्षाची नोटीस आहे. माली, बुर्किना फासो आणि नायजर यांनी जानेवारी २०२४ मध्ये ‘तात्काळ’ बाहेर पडल्याचं जाहीर केलं, पण संघटनेच्या लेखी ते वर्षानेच बाहेर पडले.

काही ठिकाणी दारच नसतं. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये सांगितलं की क्यूबेकला एकतर्फी वेगळं होण्याचा हक्क नाही, पण स्पष्ट प्रश्नावर स्पष्ट बहुमत मिळालं तर बाकी कॅनडाला वाटाघाटीला बसावंच लागेल. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २३ नोव्हेंबर २०२२ ला ठरवलं की स्कॉटलंडच्या संसदेला स्वतःच्या अधिकारात सार्वमताचा कायदा करता येत नाही. दार नसेल तर खर्च आणि अनिश्चितता वाढते, ती नोंदवा. पण ‘कायद्यात नाही म्हणून विषयच नाही’ असं म्हणून पान बंद करू नका.

देश किती लहान आहे यावरून वेळेचा अंदाज बांधायचा मोह होतो. ग्रीनलँडची वस्ती पन्नास हजारांच्या आसपास, वादाचा मुख्य विषय मासेमारी, तरी १९८२ च्या मतदानानंतर तेव्हाच्या युरोपीय समुदायातून बाहेर पडायला १ फेब्रुवारी १९८५ उजाडला.

## पायरी ५: वाटणी

ज्या घरात एकत्र कुटुंबाची वाटणी झाली आहे तिथे विचारा, भांडण दागिन्यांवरून कमी आणि विहिरीवरून जास्त होतं. देशांचंही तसंच असतं. पण कुटुंबाची उपमा एवढ्यापुरतीच वापरा. घरात वडील असतात आणि बाहेर कोर्ट असतं. देशांमध्ये बऱ्याचदा दोन्ही नसतात.

चार रकाने करा: मालमत्ता, कर्ज, चलन, आणि रोज वाहणाऱ्या गोष्टी, म्हणजे पाणी, तेल, वीज. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा.

चेकोस्लोव्हाकिया १ जानेवारी १९९३ ला शांतपणे विभागला गेला. स्थावर मालमत्ता जिथे होती त्याची, बाकी बरीचशी लोकसंख्येप्रमाणे दोनास एक. चलन काही काळ एकच ठेवायचं ठरलं होतं. पण स्लोव्हाकियाचं चलन घसरेल या भीतीने लोक पैसे चेक बँकांकडे हलवू लागले आणि ८ फेब्रुवारीलाच दोन चलनं करावी लागली. घाईत जुन्या नोटांवर चिकट तिकिटं लावून काम भागवलं. इतक्या समजुतीने वेगळे झालेल्यांचं सामायिक चलन सहा आठवडेसुद्धा टिकलं नाही, हे ‘चलन तेच वापरू’ म्हणणाऱ्या प्रत्येक वक्त्याने लक्षात ठेवावं.

आपल्याकडच्या १९४७ च्या फाळणीला संघातून बाहेर पडण्याचा नमुना म्हणू नका, तिचं कारण आणि तिची किंमत वेगळीच आहे. पण कारभाराच्या वाटणीबद्दल तिच्यातून शिकता येतं. सीमा आखल्यानंतरही पाकिस्तानसाठी मध्यवर्ती बँकेचं काम काही महिने आपली, मुंबईत मुख्यालय असलेली रिझर्व्ह बँकच करत होती. स्टेट बँक ऑफ पाकिस्तान १ जुलै १९४८ ला सुरू झाली. मध्यवर्ती बँक एका रात्रीत उभी राहत नाही. आणि रोख शिलकीतले ५५ कोटी कधी द्यायचे यावरून जानेवारी १९४८ मध्ये काय घडलं हे मराठी वाचकाला ठाऊक आहे. वाटणीतला आकडा ठरला तरी तो देण्याची तारीख ठरलेली नसेल तर तीच ठिणगी होते.

वाहणाऱ्या गोष्टींसाठी दोन उदाहरणं शेजारीशेजारी ठेवा. सिंगापूर ९ ऑगस्ट १९६५ ला मलेशियातून वेगळं झालं तेव्हा जोहोरच्या पाण्याचे १९६१ आणि १९६२ चे करार पाळण्याची हमी वेगळं होण्याच्या कागदातच घातली गेली. त्यातला १९६२ चा करार २०६१ पर्यंत चालणार आहे. पाण्याच्या दरावरून वाद झाले, पण नळ चालू राहिला. दक्षिण सुदानमध्ये जानेवारी २०११ ला जवळजवळ ९९ टक्के लोकांनी स्वातंत्र्याला मत दिलं. बहुतेक तेल दक्षिणेत, तेलवाहिनी आणि बंदर उत्तरेत. वाहतुकीचा दर आधी ठरला नाही. ९ जुलै २०११ ला देश झाला आणि जानेवारी २०१२ मध्ये त्याने स्वतःचंच तेल उत्पादन बंद केलं, वर्षाहून जास्त काळ. सरकारचं जवळपास सगळं उत्पन्न त्याच तेलावर होतं.

सावधान: ‘हे नंतर चर्चेने सुटेल’ असं तुमच्या कागदावर कुठेही लिहिलं असेल तर ते खोडा आणि तिथे लिहा: न सुटल्यास पहिल्या सहा महिन्यांत काय होईल?

## पायरी ६: आता पैसे

पैशाचा हिशोब आधी केला असता तर तो कुठल्या ‘बाहेर’चा हे कळलं नसतं. आता तीन ठिकाणं समोर आहेत, तर तीन हिशोब करा. चौथा रकाना राहण्याचा, आणि तोही आजचा आकडा नको. संघ पुढे बदलणार आहे, नवे सदस्य येतील, वर्गणी वाढेल, नियम वाढतील, हे धरून पुढच्या दहा वर्षांचा.

आकडे घेताना दोन चुका वारंवार होतात आणि ब्रिटनमध्ये दोन्ही बाजूंनी एकेक केली. निघणाऱ्यांनी बसवर रंगवलेला आठवड्याला ३५ कोटी पौंडांचा आकडा ढोबळ होता. ब्रिटनला वर्गणीत मिळणारी सूट त्यातून वजा केलेली नव्हती, आणि ती रक्कम तर देशाबाहेर जातच नव्हती. शेतकऱ्यांना आणि मागास भागांना परत येणारा पैसाही त्यात धरला नव्हता. तिथल्या सांख्यिकी प्राधिकरणाने हा आकडा दिशाभूल करणारा असल्याचं सांगितलं. राहणाऱ्यांच्या बाजूने अर्थखात्याने एप्रिल २०१६ मध्ये दर कुटुंबामागे वर्षाला ४,३०० पौंडांचा तोटा सांगितला. तो पंधरा वर्षांनंतरच्या राष्ट्रीय उत्पन्नातल्या अंदाजित घटीला कुटुंबांच्या संख्येने भागून काढला होता. घरात येणाऱ्या पगारातून कापली जाणारी रक्कम म्हणून लोकांनी तो वाचला, ते तसं नव्हतं. शिवाय खात्याने मे महिन्यात मतदानानंतर लगेच मंदी येईल असं म्हटलं, ती त्या वर्षी आली नाही.

मी स्वतः २०१६ च्या जूनमध्ये एका कॉलेजात बोलताना ३५ कोटींचा आकडा न तपासता फळ्यावर लिहिला होता. एका मुलीने विचारलं, “सर, ही जाणारी रक्कम की निव्वळ?” मला सांगता आलं नाही. तेव्हापासून आमच्या वर्तुळात प्रत्येक आकड्यासमोर तीन शब्दांत उत्तर लिहायची सक्ती आहे: ढोबळ की निव्वळ, एकदाचा की दर वर्षीचा, कुणाच्या खिशातला?

## पायरी ७: पैशात न मावणारं

आपले कायदे आपल्या माणसांनी करावेत ही इच्छा खरी आहे. तिला भावनेच्या रकान्यात ढकलून मोकळं होणं हा राहण्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचा सगळ्यात मोठा दोष. मुंबई महाराष्ट्रात यावी म्हणून लोक रस्त्यावर आले तेव्हा त्यांना शहराच्या अर्थकारणाची भीती घालून झाली होती. तरीही ते हटले नाहीत, आणि फ्लोराच्या कारंज्याशेजारी हुतात्मा स्मारक उभं आहे. तो प्रश्न देशाच्या आतला होता, देशाबाहेर पडण्याचा नव्हता. पण माणसं नफ्यातोट्यापलीकडच्या गोष्टीसाठी किती किंमत मोजतात हे समजायला मुंबईकराला युरोपात जावं लागत नाही.

मात्र या इच्छेलाही पायरी ३ ची कसोटी लावा. जवळचं ठिकाण निवडलं तर नियम पाळायचे पण ठरवायचे नाहीत. मग सार्वभौमत्व वाढलं की घटलं? लांबचं ठिकाण निवडलं तर कागदावर अधिकार पूर्ण, पण मोठ्या शेजाऱ्याशी एकट्याने बोलायचं. उलट बाजूनेही विचारा: संघात राहून ज्या निर्णयात आपला देश वारंवार हरतो असं म्हटलं जातं, तसे निर्णय मोजून किती? इथे नेहमी दोन-तीनच उदाहरणं फिरत असतात.

## पायरी ८: कुणाला काय भोगावं लागेल?

‘देशाला फायदा’ हे वाक्य लिहायला बंदी. भाग, वय आणि व्यवसाय यांनुसार लिहा. २०१६ मध्ये इंग्लंड आणि वेल्सने बाहेर पडण्याचा कौल दिला, स्कॉटलंडमध्ये ६२ टक्के आणि उत्तर आयर्लंडमध्ये जवळपास ५६ टक्के लोकांना राहायचं होतं. निघणाऱ्या देशाच्या पोटात दुसरा राहू इच्छिणारा प्रदेश असेल तर हा प्रश्न उद्या त्याच्याच दारात उभा राहतो. सीमेच्या दुसऱ्या बाजूला नोकरी करणारे, तिथे लग्न झालेले, तिथलं निवृत्तिवेतन घेणारे यांच्यासाठी वेगळी ओळ ठेवा.

## पायरी ९: निकाल लिहा

आधी ठरवा, किती बहुमत पुरेसं मानाल? मॉन्टेनेग्रोच्या २१ मे २००६ च्या मतदानासाठी युरोपीय संघाच्या आग्रहाने ५५ टक्क्यांची अट होती, ५५.५ टक्के मिळाले आणि देश सर्बियापासून वेगळा झाला. अट आधी ठरलेली होती म्हणून इतक्या निसटत्या निकालानंतरही पुढचा मार्ग मोकळा झाला. ब्रिटनमध्ये साधं बहुमत होतं. माझं मत असं की परत फिरणं अवघड असलेल्या निर्णयाला साध्या बहुमतापेक्षा दुसरं मतदान जास्त उपयोगी, एकदा तत्त्वावर आणि एकदा ठरलेल्या करारावर. आमच्यातल्या अर्ध्या लोकांना हे पटत नाही. त्यांच्या मते दुसऱ्या मतदानाची खात्री असली की समोरचा पक्ष मुद्दाम वाईट करार देतो. हा आक्षेप वजनदार आहे, कागदावर दोन्ही लिहा.

निकालाच्या पानावर पाच ओळी पुरतात. कुठल्या ठिकाणासाठी हा निकाल आहे. लाल खुणेच्या किती ओळी त्यात आहेत. सगळ्यात जास्त झळ कुणाला. किती वर्षांनी फायदा दिसायला हवा. आणि कुठली गोष्ट खोटी ठरली तर हा निकाल बदलाल. ‘राहावं, पण अमुक सवलत तमुक वर्षांत मिळाली नाही तर पुन्हा तोलावं’ हाही पूर्ण निकाल आहे. परीक्षक त्याला कुंपणावर बसणं म्हणत असतील तर त्यांना अट आणि वर्ष दाखवा.

आता पहिल्या बैठकीतली पाकिटं उघडा. कल बदलला नसेल तरी हरकत नाही, पण चिठ्ठीवरचं कारण आणि आजचं कारण एकच असेल तर मधल्या पायऱ्यांपैकी कुठली तरी नुसती भरली गेली आहे. बहुतेक वेळा ती तिसरी असते.

शेवटी हे पान गटातल्या सर्वांत कट्टर विरोधकाच्या हातात द्या आणि त्याच्या बाजूचा परिच्छेद त्याला मोठ्याने वाचायला सांगा. वाचता वाचता तो “मी असं म्हणतच नाही” म्हणून थांबला, तर तेवढा परिच्छेद त्याच्याकडूनच लिहून घ्या आणि मग स्पर्धेची नावं द्या.